मुलगा ११ वर्षांचा, अजून अंथरूण ओलं होतं, आणि आता वसतिगृहात जायचंय

कपाशीचं_बोंड | ६ मे, रात्री १०:४०

दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहितेय. मोबाइलवर टाइप करते आहे, चुका सांभाळून घ्या.

माझा मोठा मुलगा पुढच्या महिन्यात ११ पूर्ण करेल. नवोदयला सहावीसाठी निवड झाली त्याची. गावात सत्कार झाला, शाल-नारळ मिळालं. त्याच रात्री भांडी घासताना माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो, "आई, तिथं सगळे एकाच खोलीत झोपतात का?"

आठवड्यातून चार-पाच रात्री त्याचं अंथरूण ओलं होतं. लहानपणापासून आहे. सलग एक महिना कोरडा गेलाय असं आठवत नाही.

उन्हाळ्यात आम्ही सगळे अंगणात बाजा टाकून झोपतो. नणंदेची मुलं सुट्टीत आली की सहा-सात बाजांची ओळ लागते. हा मात्र आतल्या खोलीत, दार लावून. का विचारलं तर म्हणतो, बाहेर डास चावतात. ४५ अंशांत हो! पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो, चादर स्वतःच बादलीत भिजवतो, आणि गोधडी गोठ्यामागे पऱ्हाटीच्या ढिगावर, रस्त्यावरून दिसणार नाही अशी वाळत घालतो. मला वाटायचं गोधडी सासूबाई टाकतात. परवा पाहिलं तेव्हा कळलं.

सासूबाई म्हणतात, पलीकडच्या गावात एक जण डाग देतो, म्हणजे तापलेल्या लोखंडाचा चटका, "एक डाग देल्ला का बंद होते." आमचे हे या विषयावर एक शब्द बोलत नाहीत. सहा-सात आठवडे आहेत हातात. काय करता येईल? की त्याला पाठवूच नये?

वर्धेची_लेक | ६ मे, रात्री १०:५२

डाग अजिबात देऊ नका ताई. बाकीचं नंतर बोलू, आधी हे.

जुना_जाणता | ६ मे, रात्री ११:१५

आम्ही सहा भावंडं एका सतरंजीवर झोपायचो. ज्याने ओलं केलं त्याला सकाळी वडील काठी दाखवायचे. आपोआप बंद व्हायचं. हल्ली मुलांना धाक राहिला नाही. रात्री आठनंतर पाण्याचा थेंब देऊ नका आणि सकाळी स्वतःचं अंथरूण स्वतः धुवायला लावा, महिन्यात फरक पडतो की नाही बघा.

बंडू_अकोट | ६ मे, रात्री ११:४८

जुना जाणता भाऊ, राग नका मानू, पन त्या सतरंजीवरचा ओलं करनारा मीच होतो असं समजा. माहं चौदाव्या वर्षालोक होये. बापानं काठी दाखवली नाई, मारली. एक डाव मायनं ओली चड्डी डोक्यावर देऊन आंगनात उभं केलं, समोरून शायेतले पोट्टे चालले होते.

त्याचा परिनाम काय झाला आयका. मी भेवानं झोपोच नाई. दोन-दोन वाजेलोक डोये ताठ ठेवो. अन् मंग जे झोप लागे ते अशी लागे का अंगावर बैल उभा राह्यला तरी कये नाई. म्हनजे जितका मार, तितकी झोप जड, अन् तितकं जास्त ओलं. बंद झालं ते कोनाच्या धाकानं नाई झालं, वय झालं तवा झालं. आज माहे दोन लेकरं हायेत. बायकोले बी हे आजपावतर सांगतलं नाई, इथं लिवून रायलो.

ताई, पोराले पाठवा. पन त्याले आधी हे सांगा का असं होनारा तो एकटा नाई.

वर्धेची_लेक | ७ मे, सकाळी ६:३०

बंडूभाऊ, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आणि ताई, तुमचा मुलगा तर न सांगता अंथरूण धुतोच आहे. आणखी काय धाक लावायचा त्या लेकराला?

दवाखान्यातून | ७ मे, दुपारी ३:१०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, विदर्भातच एका तालुक्याच्या गावी. सविस्तर लिहितो.

ताई, पहिली गोष्ट पक्की धरा: हे तो करत नाही, त्याच्याकडून झोपेत होतं. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण १५ जणांचं अंथरूण ओलं होतं, दहाव्या वर्षी पाचेक जणांचं. दरवर्षी त्यातल्या साधारण १५ टक्के मुलांचं काहीही न करता थांबतं. मुलींपेक्षा मुलग्यांत जवळपास दुप्पट. म्हणजे तुमच्या मुलाच्या नव्या वर्गात चाळीस मुलं असतील तर त्याच्यासारखं आणखी एखादं असेलच, तेही असंच गप्प बसलेलं.

कारण असं, की रात्री आपल्या मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचा हार्मोन जास्त सुटतो, त्याने रात्रीची लघवी कमी तयार होते. काही मुलांत हे चक्र उशिरा बसतं. काहींच्या लघवीच्या पिशवीत कमी मावतं. आणि पिशवी भरली हा निरोप गाढ झोपलेल्या मेंदूला उठवू शकत नाही. बहुतेक मुलांत या तिन्हींचं कमी-जास्त मिश्रण असतं. घराण्यातूनही येतं: आई किंवा बाप एकाला असेल तर मुलात शक्यता साधारण ४४ टक्के, दोघांनाही असेल तर ७७. त्यामुळे तुमच्या घरात जरा विचारपूस करा.

आता मला तुमच्याकडून हवं ते. शी किती दिवसांनी होते, कडक होते का? दिवसा लघवीला किती वेळा जातो, घाईघाईने धावतो का, जळजळ होते का? रात्री तोंड उघडं टाकून घोरतो का? घोरणाऱ्या मुलांत घशातल्या गाठींमुळे झोप नीट होत नाही आणि अंथरूणही ओलं होतं. दिवसभर पाणी किती आणि कधी पितो?

जुना जाणता, संध्याकाळी पाणी जरा आवरतं घ्या हे ठीक. पण मे महिन्यात विदर्भातल्या मुलाला तहानलेलं झोपवायचं नाही.

आशा_गडचिरोली | ७ मे, सायंकाळी ७:०५

डॉक्टरसाहेबांच्या शेवटच्या वाक्याला माझं हजार वेळा अनुमोदन. मी आशा सेविका आहे, धानोऱ्याकडची. आपल्या पट्ट्यात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे हे विसरू नका. सिकलसेलच्या मुलांची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत. लघवी पाण्यासारखी आणि भरपूर होते, मग मोठी झाली तरी अंथरूण ओलं होतं. अशा मुलाचं पाणी तोडलं तर अंगदुखीचा झटका येऊ शकतो.

माझ्या पाड्यावर अशी एक मुलगी होती. नऊ वर्षांची. घरचे संध्याकाळी पाच वाजताच पाण्याचं भांडं उचलून ठेवायचे, अंथरूण ओलं होतं म्हणून. दर थोड्या दिवसांनी तिचे हातपाय ठणकायचे, लोक म्हणायचे वात आहे. तपासणीत सिकलसेल निघाला. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की चाचणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. १ जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही चालू आहे, आजार जास्त असलेल्या आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात करायची आहे. एकदा करून घ्या आणि कार्ड जपून ठेवा, वसतिगृहात जाताना तर हवंच.

कळंबकरीण | ७ मे, रात्री ९:२०

मीही एक सांगते, घाबरवायला नाही. माझी मुलगी सहाव्या वर्षीच कोरडी झाली होती. आठव्या वर्षी अचानक पुन्हा सुरू झालं. घरी सगळे म्हणाले, धाकटा भाऊ झाला म्हणून लक्ष वेधते. पाणी ढसाढसा प्यायची, भूक चांगली आणि तरी फ्रॉक ढगळ व्हायला लागले. एका ठिकाणी दाखवलं तर तपासणी न करता जंताचं औषध देऊन पाठवलं. चौथ्या दिवशी ती निपचित पडली. शुगर होती, इन्सुलिनवाली. आज ती ठणठणीत आहे, स्वतः सुई घेते.

तर ज्यांचं मूल कोरडं होऊन पुन्हा ओलं करायला लागलं असेल, त्यांनी दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रक्तातली साखर तपासा.

दवाखान्यातून | ७ मे, रात्री ९:४१

कळंबकरीण ताई, हे लिहिलंत फार बरं केलंत. सहा महिने कोरडं गेल्यावर पुन्हा सुरू झालं तर त्याचा विचार वेगळाच करायचा असतो. शुगर, लघवीचा जंतुसंसर्ग, आणि घरात किंवा शाळेत मुलावर काही मोठा आघात झालाय का, हेसुद्धा.

पुसदचा_पोर | ८ मे, सकाळी ८:००

आमच्या आजीकडे याचं कारण ठरलेलं होतं: "विस्तवाशी खेळला असशील." होळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी पोरं एकमेकांची अंथरुणं तपासायचो. आणि उपाय म्हणजे काळे तीळ आणि गूळ. माझा धाकटा भाऊ लाडवांसाठी मुद्दाम "मला पण होतं" म्हणायचा.

कपाशीचं_बोंड | ८ मे, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. बंडूभाऊ, तुमचं लिहिलेलं मी त्याला तुमचं नाव-गाव न सांगता वाचून दाखवलं. चौदा ऐकून म्हणाला, "म्हणजे मला अजून तीन वर्षं आहेत." आणि हसला. या विषयावर तो हसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

डॉक्टरसाहेब, विचारपूस केली. शी तीन-तीन दिवसांनी, आणि कडक. मला हे माहीतच नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलाला कोण विचारतं? घोरत नाही. जळजळ नाही. पाण्याचं असं, की त्याच्या शाळेतल्या मुतारीचं दार तुटलंय, म्हणून तो शाळेत लघवीला जातच नाही. जायला लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. सकाळी चहा, दिवसभर दोन घोट, आणि घरी आला की तांब्यावर तांब्या. वर संध्याकाळचा चहा. आता सुट्टी आहे, पण सवय तीच राहिली.

आणि रात्री जाग आली तरी उठत नाही, हेही कबूल केलं. आमचा संडास वाडीच्या टोकाला आहे. मध्ये गोठा, लाइटचा भरवसा नाही, मागच्या पावसाळ्यात तिथेच विंचू निघाला होता.

दवाखान्यातून | ९ मे, दुपारी २:२५

ताई, निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत.

शौच साठलं की मागून लघवीच्या पिशवीवर दाब पडतो, तिच्यात कमी मावतं. कित्येक मुलांत फक्त बद्धकोष्ठ सुटला की कोरड्या रात्री वाढतात. त्याचं औषध डॉक्टरांकडून घ्या, काही आठवडे रोज द्यावं लागतं, दोन दिवसांत बंद करायचं नाही. सकाळच्या जेवणानंतर दहा मिनिटं निवांत बसायला सांगा, पाय टेकलेले.

पाण्याचं गणित उलटं करा. दिवसाच्या पाण्याचा मोठा वाटा दुपारी चारच्या आत पोटात जायला हवा, संध्याकाळी तहान भागेल इतकंच. चहा बंद. दिवसा दर दोन-अडीच तासांनी लघवी, आणि झोपताना एकदा. एक दिवस, भरपूर लागल्यावर, लघवी मापून बघा. वयात एक मिळवून ३० ने गुणा, तितके मिली साधारण मावायला हवं. याचं ३६० च्या आसपास. खूपच कमी भरलं तर तेही मला हवं आहे.

रात्रीसाठी दाराशी झाकणाची बादली आणि बॅटरी ठेवा. आजच.

शेतकरी_दिग्रस | ९ मे, दुपारी ४:००

मापायला फवारणीचं माप चालेल, त्यावर मिलीच्या खुणा असतात.

आशा_गडचिरोली | ९ मे, दुपारी ४:०६

भाऊ, नाही! फवारणीचं भांडं घरात लेकराच्या हातात द्यायचंच नाही, कितीही धुतलेलं असो. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, ते विसरू नका. पाण्याची रिकामी बाटली घ्या, पाव लिटरच्या दुधाच्या मापाने पाणी ओतून वर खुणा करा.

शेतकरी_दिग्रस | ९ मे, दुपारी ४:२०

बरोबर आहे ताई. चुकलं. काढून टाका माझा सल्ला.

नागपूर_मम्मा | १० मे, सकाळी ११:३०

अलार्मबद्दल कुणी लिहिलं नाही. चड्डीला छोटा सेन्सर लावायचा, थेंब पडला की वाजतो. आमच्या मुलीला, वय नऊ, त्यानेच बरं वाटलं, पण तीन महिने लागले. पहिले पंधरा दिवस ती सोडून सगळं घर उठायचं. आम्ही तर कुलरच्या घरघरीत ऐकूच शकलो नाही, शेवटी मीच तिच्या खोलीत झोपले आणि वाजला की तिला पूर्ण जागी करून, तोंड धुवायला लावून न्यायचे. ती त्याला "कोंबडा" म्हणायची. "आई, आज कोंबडा आरवलाच नाही!" हे ऐकलं तो दिवस मी विसरणार नाही.

दवाखान्यातून | १० मे, दुपारी १:५०

अलार्मने नियमित वापरणाऱ्यांतल्या साधारण दोन तृतीयांश मुलांचं थांबतं, आणि सलग १४ रात्री कोरड्या जाईपर्यंत लावायचा असतो. पण ताईंकडे सहा आठवडे आहेत आणि चाळीस मुलांच्या खोलीत तो वाजवता येणार नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी मात्र त्यापासूनच सुरुवात करावी.

वसतिगृहासाठी डेस्मोप्रेसिनची गोळी असते, मघाच्या त्या हार्मोनसारखीच काम करते. त्या रात्रीपुरता असर. डोस इथे लिहीत नाही, तपासूनच घ्यायची. पण नियम सांगतो: गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास जवळजवळ पाणी नाही, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. ताप, उलटी, जुलाब असेल त्या दिवशी गोळी बंद. सिकलसेल असेल तर ती फारसं काम करत नाही आणि पाणी तोडणं धोक्याचं, म्हणून आधी आशाताईंनी सांगितलेली चाचणी. घरी असतानाच दोन आठवडे देऊन बघा, तिथे जाऊन पहिल्यांदा नको.

रात्री झोपेतच उचलून लघवीला नेण्याने गादी वाचते, सवय मोडत नाही.

अधीक्षिका_मेळघाट | ११ मे, रात्री ८:१५

मी आश्रमशाळेत अधीक्षिका आहे, बारा वर्षं झाली. नवोदयचं मला ठाऊक नाही, पण मुलं सगळीकडे सारखीच. जूनमध्ये नवी मुलं येतात तेव्हा पहिल्या आठवड्यात दहा-बारा गाद्या ओल्या असतात, कारण घर सुटलेलं असतं. दिवाळीपर्यंत दोन-तीन उरतात.

ताई, एकाच माणसाला सांगा, पण नक्की सांगा. जो गृहप्रमुख असेल त्याला एकट्याला गाठून, मुलासमोर, म्हणजे मुलालाही कळेल की हा माणूस माहीतगार आहे. बाथरूमजवळची आणि खालची बाज मागून घ्या. दोन गडद रंगाच्या चादरी, आणि गादीला मेणकापड. मी माझ्या मुलींना एक करून दिलंय: उशीच्या अभ्र्यात सुकी चड्डी आणि टॉवेल घडी करून ठेवायचा. रात्री अंधारात पेटी उघडावी लागली की कड्यांचा आवाज होतो आणि सगळी खोली जागी होते. मुलांना ओल्याची जितकी लाज वाटते ना, त्याहून त्या पेटीच्या आवाजाची भीती असते.

वर्धेची_लेक | ११ मे, रात्री ८:४०

पेटीच्या आवाजाचं... हे तिथं राहिलेल्या माणसालाच सुचू शकतं.

पिंजारी_गल्ली | १२ मे, सकाळी ७:१५

गादीबद्दल थोडं. आमचा खानदानी धंदा पिंजण्याचा. कापसाची गादी आतून ओली राहिली की गोळे होतात आणि वास जात नाही. ओलं झालं की आधी कोरड्या फडक्याने दाबून पाणी ओढा, मग खायचा सोडा भुरभुरा, तासाभराने झटका आणि दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्या. फिनेल ओतू नका, वासात वास मिसळतो. दीड-दोन वर्षांनी पिंजून घ्या. मेणकापड गादीला लागून, त्यावर जुन्या धोतराची घडी, त्यावर चादर. नुसत्या मेणकापडावर मूल घामाने भिजतं.

कपाशीचं_बोंड | २ जून, रात्री ११:०५

उशिरा आले, मृगाआधीची कामं होती.

तालुक्याला जाऊन आलो. लघवी, शुगर ठीक. सिकलसेलची चाचणी निगेटिव्ह. बाटलीत मापलं तर १८० च भरलं. पोटावर हात ठेवताच तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, इथं तर साठलेल्या शौचाच्या गाठीच गाठी आहेत. औषध चालू आहे. दाराशी बादली आहे. आधी आठवड्याला चार-पाच व्हायचं, मागच्या आठवड्यात दोन.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. डॉक्टरसाहेबांनी घराण्यात विचारा म्हटलं होतं. मी सासूबाईंना विचारलं, घरात आणखी कोणाचं व्हायचं का? त्या निवडत होत्या ते सूप खाली ठेवून उठून गेल्या.

आमच्या ह्यांच्या बेंबीखाली एक जुना डाग आहे, आठ आण्याच्या नाण्याएवढा. लग्न झालं तेव्हा सांगितलं होतं, लहानपणी पोट फुगलं म्हणून दिला. ते पोटासाठी नव्हतं. दहा वर्षांचे होते. चार जणांनी हातपाय धरले होते. आणि त्यानंतरही दोन वर्षं होतच राहिलं.

रात्री सासूबाई आपणहून म्हणाल्या, "नको देऊ वं पोराले डाग. त्याचं ओरडनं अजून माह्या कानात हाये."

ह्यांनी त्या रात्री आतल्या खोलीचं दार उघडलं आणि पोराची बाज उचलून अंगणात स्वतःच्या बाजेशेजारी टाकली. काय बोलले मला माहीत नाही. मी झोपल्याचं सोंग घेतलं होतं. मध्येच एकदा मुलाने विचारलेलं ऐकू आलं, "लय दुखलं का बाबा?"

बंडू_अकोट | २ जून, रात्री ११:३०

ताई. काई लिवाले शब्द नाई. भाऊले माहा रामराम सांगा.

दवाखान्यातून | ३ जून, दुपारी १२:४०

बद्धकोष्ठाचं औषध वसतिगृहात गेल्यावरही चालू राहील अशी चिठ्ठी लिहून घ्या. गोळीची आता घरीच चाचणी करा. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा तपासा. तेव्हाही होत असेल तर सुट्टीत अलार्म सुरू करता येईल.

कपाशीचं_बोंड | ९ जुलै, रात्री ९:५०

सोडून आलो. गृहप्रमुख सरांना ह्यांनीच सांगितलं, मुलाला शेजारी उभं करून. सर म्हणाले, "बरं झालं सांगितलं, दरवर्षी असतात." बाज खालची, दाराजवळची. अभ्र्यात चड्डी-टॉवेल ठेवायचं अधीक्षिका ताईंचं त्याला फार आवडलं. काल फोन आला. आठ दिवसांत दोनदा झालं, एकदा कुणाला कळलं नाही, एकदा शेजारच्याला कळलं. तो शेजारचा म्हणे काही बोललाच नाही, नुसती चादर धरू लागला.

जुना_जाणता | १० जुलै, सकाळी ५:४५

ताई, तुमचं सगळं वाचलं. मी सुरुवातीला जे लिहिलं ते मागे घेतो. माझा नातू सात वर्षांचा आहे. त्याचंही होतं, हे सुनेने माझ्यापासून दोन वर्षं लपवलं होतं, काल समजलं. मेणकापड कोणतं घ्यावं आणि केवढं?

कपाशीचं_बोंड | १० जुलै, सकाळी ६:१०

काका, मीटरवर मिळतं. गादीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त घ्या, म्हणजे खाली दुमडता येतं आणि रात्री सरकत नाही. जाड घ्या, पातळ चुरचुर वाजतं. आणि आणायला सुनेला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा.